सह्याद्रीतील लोहविद्या आणि बौद्ध लेणी
(भोर-वेल्ह्याच्या वाटेवरून एक चिंतन)

‘धातू’ हा शब्द बौद्ध वाचकास तीन अर्थांनी परिचित आहे. पृथ्वी, आप, तेज व वायू या मूलतत्त्वांना धम्मसाहित्यात धातू म्हटले आहे. तथागतांच्या व अर्हतांच्या अस्थिअवशेषांनाही धातू म्हणतात. त्या अवशेषांना पोटात घेणारा स्तूप तो धातुगर्भ, आणि त्याच शब्दाचे सिंहलातून आलेले रूप म्हणजे आपल्या परिचयाचे ‘दागोबा’. तिसरा अर्थ रोजच्या व्यवहारातला आहे : लोखंड, तांबे, कथील, शिसे, रुपे, सोने. आपल्या लेण्यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. शिल्पाविषयी, लिपीविषयी, राजवंशांविषयी लिहिले गेले. आणि धातुगर्भाविषयी तर विपुल लिहिले गेले. परंतु तो धातुगर्भ काळ्या कातळातून ज्या लोखंडाने कोरून काढला, ते लोखंड कोठून आले, ते कोणी गाळले आणि त्या माणसांची समाजात काय प्रतिष्ठा होती, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांची वाट धरू. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला असला, तरी लोकांच्या तोंडी वेल्हे हेच नाव रुळलेले आहे, म्हणून येथेही तेच ठेवले आहे.

नीरेच्या खोऱ्यातील मूक साक्षीदार

भोरच्या पूर्वेस नीरा नदीच्या खोऱ्यात शिरवळ हे जुने गाव आहे. त्याच्या नजीकच्या डोंगरात पंधरा बौद्ध लेण्यांचा एक समूह आहे. कार्ल्याची भव्यता किंवा अजिंठ्याची चित्रकला येथे नाही. एक लहानसे चैत्यगृह, त्यात साधा दागोबा, आणि भिक्खूंच्या निवासाची छोटी छोटी लेणी. भिंतीलगत कोरलेले दगडी ओटे, आत काळोख्या कोठड्या. अलंकार जवळजवळ नाहीतच. आरंभीच्या स्थविरवादी भिक्खुसंघाचा साधेपणा या लेण्यांत जसाच्या तसा टिकून राहिला आहे.

ज्याला दोन हजार वर्षांपूर्वीच्या श्रमाचा इतिहास वाचावयाचा असेल, त्याला अलंकाराचा हा अभाव उपकारकच ठरतो. कोरीव नक्षी नसली की दृष्टी आपोआप भिंतीकडे जाते, आणि कोणत्याही जुन्या लेण्याच्या अगदी गुळगुळीत न केलेल्या भिंतीवर टाकीच्या तिरकस, समांतर रेषा दिसतात. प्रत्येक रेषा म्हणजे हातोड्याचा एक घाव आणि टाकीच्या टोकाचा एक ओरखडा.

सह्याद्रीचा हा कातळ बेसाल्ट जातीचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून थरावर थर वाहत आलेल्या लाव्ह्यापासून तो बनला. तो घट्ट आणि कणखर आहे. मऊ लोखंडाची टाकी त्यावर चालत नाही. काही घावांतच तिचे टोक वाकते. टाकीला पोलादी टोक हवे, त्या टोकाला योग्य पाणी दिलेले हवे, आणि तरीही काही वेळाने ते बोथट होणारच. बोथट झालेली टाकी पुन्हा भट्टीत लाल करून, ऐरणीवर ठोकून, शेवटून आणि पाणी पाजून घ्यावी लागते. आजही हाताने काम करणाऱ्या पाथरवटाला हे नित्य करावे लागते. म्हणजे जेथे दगड फोडणाऱ्यांचा एक ताफा वर्षानुवर्षे काम करीत असेल, तेथे त्यांच्यासोबत लोहार, त्याचा भाता, त्याची ऐरण आणि कोळशाच्या राशीही असल्याच पाहिजेत. लेणे कोरून पूर्ण झाले, भिक्खू राहावयास आले, वर्षावास सुरू झाला. भट्टी मात्र विझली आणि मातीत मिसळून गेली.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. या म्हणीत दगडाने सोसलेले घाव मोजले आहेत. ज्या हाताने ते घातले आणि ज्या हाताने टाकी घडविली, त्या दोन्ही हातांची नोंद घेण्याचे म्हण करणाऱ्याला सुचले नाही. आपल्याकडील इतिहासलेखनाचेही पुष्कळदा असेच झाले आहे.

लाल मातीतून लोखंड

शिरवळहून पश्चिमेकडे निघालो की भोर लागते आणि पुढे रोहिडा, केंजळगड, रायरेश्वर हे डोंगर उभे राहतात. उत्तरेस वेल्ह्याच्या बाजूला तोरणा आणि राजगड. यांपैकी रायरेश्वराचे विस्तीर्ण पठार तेथील रंगीबेरंगी मातीसाठी प्रसिद्ध आहे. लाल, पिवळ्या, जांभळट अशा छटांची माती तेथे जवळजवळ आढळते आणि पर्यटक ती कुतूहलाने पाहतात. या रंगांच्या मुळाशी बहुतांशी लोहच असते. बेसाल्टमध्ये लोहाची संयुगे सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी असतात. पावसाने आणि हवेने खडक झिजतो तेव्हा या लोहाचा प्राणवायूशी संयोग होतो. एका प्रकारच्या संयुगाने माती तांबडी होते, ज्यात पाण्याचा अंश असतो त्याने ती पिवळी दिसते.

हीच क्रिया लक्षावधी वर्षे चालली की खडकातील सिलिका आणि विद्राव्य क्षार वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. त्यातून जांभा दगड तयार होतो. रायरेश्वराच्या दक्षिणेस, वाईच्या पलीकडे, पाचगणी-महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभ्याचे असे जाड कवच आहे. त्यातील लोहयुक्त खडे वेचून लोखंड गाळण्याचा धंदा महाबळेश्वरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होता. तो करणाऱ्या लोकांना धावड म्हणत. कोल्हापूरच्या बाजूच्या डोंगरांतही धावडांच्या भट्ट्या होत्या. महाबळेश्वरच्या धावडांची नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत मुसलमान म्हणून झालेली आहे.

धावडांची विद्या समजून घेण्यासारखी आहे, कारण ती केवळ अंगमेहनत नव्हती. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सियस तापमानाला वितळते. मातीच्या छोट्या भट्टीत हाताच्या भात्याने एवढी उष्णता निर्माण होत नाही. तेथे तापमान फार तर बाराशे-तेराशे अंशांपर्यंत जाते. मग लोखंड मिळते कसे? भट्टीत लाकडी कोळसा आणि लोहखनिज यांचे थर एकावर एक घालतात. खालून भात्याने वारा दिला की कोळसा जळून कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. हा वायू खनिजातील प्राणवायू ओढून घेतो आणि लोह मोकळे होते. खनिजातील मातकट भाग काही लोहसंयुगांसह एकत्र होऊन मळी बनते. ही मळी मात्र त्याच तापमानाला वितळते आणि वाहून जाते. भट्टीच्या तळाशी लोखंडाचा एक सच्छिद्र गोळा उरतो. तो तापलेला असतानाच घणाखाली ठोकून त्यातील उरलेली मळी पिळून काढली की घडण्याजोगे लोखंड हाती येते.

हे लोखंड मऊ असते. त्याला कोळशाच्या धगीत दीर्घकाळ ठेवले तर कार्बनचा अल्प अंश पृष्ठभागात शिरतो आणि त्याचे पोलाद होते. शंभर भागांत एक भाग, कधी त्याहूनही कमी, एवढ्या कार्बनावर टाकीचे टणकपण अवलंबून असते. मग ती लाल करून पाण्यात बुडविली की टोक कठीण होते. परंतु फार कठीण झाले तर ते ठिसूळ होऊन तुटते, म्हणून पुन्हा थोडी ऊब देऊन तो ठिसूळपणा घालवावा लागतो. तापलेल्या पोलादावर पिवळा, तपकिरी, निळा असे रंग क्रमाने उमटतात. कोणत्या रंगाला टाकी पाण्यात घालावयाची हे लोहाराची नजर ठरवीत असे. तापमापक नव्हता, रसायनशास्त्राचा ग्रंथ नव्हता. निरीक्षण, प्रयोग आणि पिढ्यांचा अनुभव होता. यालाच विज्ञानाची सुरुवात म्हणतात.

महाराष्ट्रात ही विद्या किती जुनी आहे, याचा पुरावा नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे मिळाला. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात तेथे उत्खनन केले, तेव्हा महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष, हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या आणि मळीचे ढेकूळ सापडले. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे सातशे वर्षे मानला जातो. म्हणजे तथागतांच्या जन्मापूर्वीच या भूमीतील लोकांना लोखंड गाळता येत होते. सह्याद्रीत पहिले लेणे कोरले जाण्याआधी ही विद्या कित्येक पिढ्या जुनी झालेली होती.

वरंध घाट उतरल्यावर

भोरहून पश्चिमेस जाणारा रस्ता वरंध घाटाने कोकणात उतरतो आणि महाडला पोहोचतो. वेल्ह्याहूनही मढे घाटासारख्या जुन्या वाटा खाली महाडच्या मुलुखात जातात. देशावरील माल बंदरांकडे आणि बंदरांवरील माल देशावर नेणाऱ्या अशा घाटवाटांच्या आश्रयानेच बौद्ध लेणी वाढली. महाडच्या वेशीवर गांधारपाले येथे लेण्यांचा मोठा समूह आहे, सावित्रीच्या पलीकडे कोल येथे आणखी आहेत, आणि तेथून वायव्येस राजपुरीच्या खाडीजवळ कुडा येथे सव्वीस लेणी आहेत.

कुड्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची जी नावे आहेत त्यांत महाभोज घराण्याशी संबंधित माणसे आहेत, लेखक आहे, माळी आहे, सार्थवाह आहे, ब्राह्मण उपासकही आहे. आणि त्यांच्याच बरोबरीने तेथे महिक नावाचा एक दाता आहे. तो करहाकडचा, म्हणजे आजच्या कऱ्हाडचा रहिवासी. आणि त्याचा व्यवसाय शिलालेखात ‘लोहवाणिय’ असा नोंदविला आहे. लोहवाणिय म्हणजे लोखंडाचा व्यापारी. कऱ्हाड घाटमाथ्याच्या पूर्वेस, कुडा समुद्रकाठी. मध्ये सह्याद्रीची भिंत. ती ओलांडून आलेल्या या लोखंडाच्या व्यापाऱ्याने भिक्खुसंघाला एक अखंड लेणे दान केले आणि आपला धंदा अभिमानाने कातळावर लिहविला.

महिक एकटा नव्हता. कान्हेरीला कल्याणच्या नंद नावाच्या कम्माराने, म्हणजे लोहाराने, वाट बांधून दिल्याचा लेख आहे. तेथेच कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले. जुन्नरला कल्याणच्याच संघक नावाच्या सोनाराचे असेच एक टाके आहे. जुन्नरच्या आणखी एका लेखात तर दोन कारागीर श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख येतो. एक ‘वसकार’, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांची, आणि दुसरी ‘कासाकार’, म्हणजे कासारांची. ठेवीच्या व्याजातून संघाची व्यवस्था चालावयाची. म्हणजे कासार आणि बुरूड हे दोन कारागीर वर्ग त्या काळी इतके संघटित आणि इतके विश्वासार्ह होते की, लोक त्यांच्याकडे कायमची ठेव ठेवीत. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्या श्रेणी त्या काळच्या पतपेढ्या होत्या.

हा केवळ देशांतर्गत व्यापार नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकाच्या पुस्तकात आफ्रिकेच्या तांबड्या समुद्रावरील अदुलिस बंदरात अरियाके प्रदेशातून हिंदी लोखंड आणि पोलाद येत असल्याची नोंद आहे. अरियाके हे नाव पश्चिम भारताच्या किनारपट्टीस व तिच्या मागील प्रदेशास दिलेले दिसते. त्याच पुस्तकात कल्याण बंदराचाही उल्लेख आहे. उलट तांबे, कथील आणि शिसे हे धातू भडोचच्या बंदरात बाहेरून येत. सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाची आणि मिश्रधातूंची आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या देवघेवीचा आवाका ध्यानात येतो. जो समाज परदेशी पोलाद पाठवीत होता, त्याच समाजातील लोहार आणि सोनार लेण्यांना दान देत होते.

या लेखांतून त्या काळी पूर्ण समता नांदत होती, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. दान देण्याइतकी ऐपत सर्वच कारागिरांची नव्हती. खाणीत राबणाऱ्याचे, कोळसा पाडणाऱ्याचे नाव कोठेही आलेले नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. धातूचे काम करणाऱ्याला आपला व्यवसाय लपवावासा वाटत नव्हता, आणि संघाला त्याचे दान घेताना विटाळ होत नव्हता.

चुंदाच्या घरी

संघाला हा धडा प्रत्यक्ष तथागतांनी घालून दिला होता. पावा नगरीत चुंद नावाच्या कम्मारपुत्राने तथागतांना भिक्खुसंघासह भोजनास बोलाविले. ते तथागतांचे अखेरचे भोजन ठरले. त्यानंतर त्यांना तीव्र व्याधी जडली आणि कुसिनारा येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘महापरिनिब्बान सुत्ता’तील या प्रसंगाचा सर्वांत हृद्य भाग पुढेच आहे. आपल्या अन्नाने तथागत गेले असा दोष कोणी चुंदाला देईल, त्याचे मन पश्चात्तापाने पोळेल, याची चिंता तथागतांना त्या वेदनांतही वाटली. त्यांनी आनंदाला सांगून ठेवले की, चुंदाची समजूत घालावी. ज्या भोजनानंतर संबोधी प्राप्त झाली आणि ज्या भोजनानंतर परिनिर्वाण झाले, ती दोन्ही भोजने समान फळाची आहेत. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही चुंदाकडील भोजनाचा हा प्रसंग आला आहे. एका लोहाराच्या अब्रूची काळजी हे तथागतांच्या शेवटच्या कृत्यांपैकी एक होते.

धातुकारागिराच्या कामाचे निरीक्षण तथागतांनी किती बारकाईने केले होते, हे ‘अंगुत्तर निकाया’तील उपमांवरून दिसते. सोनार मुशीतील सोन्याला वेळोवेळी फुंकतो, वेळोवेळी त्यावर पाणी शिंपडतो आणि वेळोवेळी नुसते शांतपणे पाहतो. फक्त फुंकत राहिला तर सोने जळेल, फक्त पाणी शिंपडत राहिला तर ते निवेल, आणि फक्त पाहत राहिला तर ते पुरते शुद्ध होणार नाही. साधकानेही चित्ताचे असेच करावे. एकाग्रता, प्रयत्न आणि उपेक्षा यांचा योग्य वेळी उपयोग करावा. दुसऱ्या एका सुत्तात सोन्यातील पाच मलांची उपमा चित्ताच्या पाच नीवरणांना दिली आहे. ते पाच मल म्हणजे लोखंड, तांबे, कथील, शिसे आणि रुपे. ‘धम्मपदा’त शहाणा माणूस आपले मल हळूहळू दूर करतो, त्याला चांदी शुद्ध करणाऱ्या कम्माराची उपमा आहे. ‘सूचि जातका’त तर स्वतः बोधिसत्त्व लोहाराच्या कुळात जन्मतो आणि आपल्या सुईच्या कारागिरीने त्या विद्येतील ज्येष्ठांनाही थक्क करतो. जो कारागीर साधनेचा आदर्श होऊ शकतो, त्याला तथागत हीन कसे मानतील?

विनयाचे नियमही येथे पाहावेत. भिक्खूने सोन्याचे, रुप्याचे, तांब्याचे पात्र वापरू नये. त्याला दोनच पात्रांची अनुमती आहे, एक लोखंडाचे आणि दुसरे मातीचे. भिक्खूच्या आठ परिष्कारांत वस्तरा आणि सुई या दोन वस्तू लोहाराच्या हातच्या, आणि पात्र लोखंडाचे असेल तर तिसरीही. चीवर शिवले जाते ते लोहाराच्या सुईने. लोकव्यवहारात त्या काळीही काही धंदे हलके मानले जात, आणि विनयात त्यांची यादी आली आहे. परंतु ती कशासाठी? जन्म, नाव, गोत्र, काम किंवा शिल्प यांवरून जो भिक्खू दुसऱ्याला हिणवील, त्याला पाचित्तिय दोष लागेल, हे सांगण्यासाठी. जगाने केलेला भेद संघाने ओळखला आणि त्याचा अपमानासाठी उपयोग करणे हा गुन्हा ठरविला.

मनूचे लोखंड

लेण्यांतील हे दानलेख कोरले जात होते, साधारणतः त्याच शतकांच्या आसपास दुसरीकडे मनुस्मृती रचली जात होती. तिच्या चौथ्या अध्यायात कोणाकोणाचे अन्न खाऊ नये याची यादी आहे. त्यात लोहार आहे, सोनार आहे आणि बांबूकाम करणारा वेणही आहे. आता जुन्नरचा लेख पुन्हा आठवावा. ज्या कासार आणि बुरुडांच्या श्रेणींवर उपासकांनी विश्वासाने ठेव ठेवली, त्यांच्याच पंक्तीतील कारागीर मनूच्या दृष्टीने अन्न घेण्यासही अपात्र. एका परंपरेचा शास्ता लोहाराच्या घरी जेवून त्याच्या मनाची जपणूक करतो. दुसऱ्या परंपरेचा शास्त्रकार लोहाराचे अन्न निषिद्ध ठरवितो. या दोन परंपरांतील अंतर समजण्यासाठी यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

मनू येथेच थांबत नाही. दहाव्या अध्यायात चांडाळादिकांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे अलंकार घालावेत, असा दंडक आहे. जे लोखंड विनयाने भिक्खूच्या पात्रासाठी योग्य ठरविले, तेच मनूने बहिष्कृताच्या अंगावरील खूण केले. धातू तोच, एका हातात तो त्यागाचे चिन्ह आणि दुसऱ्या हातात अवहेलनेचे. लोहाराला एक पायरी, चांडाळाला त्याखालची पायरी, असे हे सोपान होते. याच रचनेला बाबासाहेब श्रेणीबद्ध असमानता म्हणत. मराठी खेड्यातील लोहार अस्पृश्य नव्हता, तो बलुतेदार होता. परंतु त्याच रचनेच्या एका पायरीवर तोही उभा केला गेला होता, आणि वरच्याकडून होणारा आपला अपमान विसरून खालच्याला दूर ठेवण्यास तोही शिकला होता.

हा दंडक पोथीत राहिला असता तर आज त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या निबंधात बाबासाहेबांनी दोन घटना दिल्या आहेत. १९२८ च्या सुमारास इंदूर संस्थानातील बलाई समाजावर सवर्णांनी ज्या अटी लादल्या, त्यांत बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, ही एक अट होती. आणि १९३५ च्या नोव्हेंबरात अहमदाबाद जिल्ह्यातील झाणू गावी अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. पाणी तेच होते. भांडे मातीचे नव्हते, एवढाच अपराध. मनूच्या फुटक्या भांड्याचा आणि लोखंडी अलंकाराचा दंडक सुमारे दोन हजार वर्षांनंतरही असा अंमलात येत होता.

म्हणूनच भोरहून वरंध घाट उतरून महाडला पोहोचणाऱ्या वाटसरूने तेथे क्षणभर थांबावे. याच महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. याच महाडमध्ये २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तेथून हाकेच्या अंतरावर गांधारपाल्याची लेणी आहेत. लेण्यांतील पाण्याची टाकी सोनारांनी दान केली होती. पाण्याच्या तळ्यासाठी मात्र आपल्या पूर्वजांना विसाव्या शतकात सत्याग्रह करावा लागला.

विझलेल्या भट्ट्या

धातुविद्येच्या ऱ्हासाचा विचार करताना आणखी एका थोर माणसाचे स्मरण केले पाहिजे. आधुनिक भारतीय रसायनशास्त्राचे आद्य प्रवर्तक आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये ‘हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. प्राचीन भारतीयांच्या रासायनिक ज्ञानाचा गौरव करणाऱ्या या ग्रंथातच त्यांनी त्या ज्ञानाच्या अधोगतीची मीमांसाही केली. जातिव्यवस्थेमुळे हातांनी काम करणारे आणि विचार करणारे यांची फारकत झाली, बुद्धिमान वर्गाने कारागिरीकडे पाठ फिरविली, आणि ‘का’ व ‘कसे’ हे प्रश्न विचारणारा कोणी कारागिराजवळ उरला नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मनूचाही त्यांनी त्या संदर्भात निर्देश केला. बाबासाहेबांनी जातिव्यवस्था ही श्रमिकांचीच विभागणी असल्याचे दाखवून दिले. त्या विभागणीने विज्ञानाची काय हानी केली, हे आचार्य रायांच्या मीमांसेतून कळते.

महाबळेश्वरचा धावड याचे उदाहरण आहे. धर्म बदलला तरी त्याचा धंदा आणि समाजातील त्याची जागा बदलली नाही. कोणते खडे वेचावेत, कोळसा कोणत्या लाकडाचा पाडावा, वारा किती द्यावा, हे सर्व त्याच्या बोटांत होते. त्याच्या हातात लेखणी मात्र कोणी दिली नव्हती. जो लिहू शकत होता त्याला भट्टीजवळ जाणे कमीपणाचे वाटत होते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने आणि आगबोटींनी विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले, आणि जंगलांवर सरकारी निर्बंध बसल्यावर कोळशासाठी लाकूड मिळणे अवघड झाले. देशभरातील अशा भट्ट्या एकामागून एक विझल्या. ज्या विद्येचे शास्त्र लिहिले गेले नव्हते ती विद्या माणसाबरोबरच गेली. युरोपात मात्र सोळाव्या शतकात जॉर्ज ॲग्रिकोला या वैद्याने खाणींत आणि भट्ट्यांजवळ हिंडून पाहिलेले सर्व लिहून काढले आणि १५५६ मध्ये त्याचा ग्रंथ छापून निघाला. तेथेही कारागीर गरीबच होता; परंतु विद्वानाला त्याच्याजवळ बसण्याचा विटाळ नव्हता.

भोर-वेल्ह्यात आज राजगड आणि तोरणा पाहण्यासाठी हजारो तरुण येतात. गडावरील कातळात खोदलेली पाण्याची टाकी, दगडी पायऱ्या आणि बुरूज पाहून त्यांना शिवकालाचा अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे. परंतु ती टाकीही कोणीतरी पोलादाच्या टाकीनेच खोदली, हे त्यांना कोणी सांगत नाही. शिरवळच्या लेण्यांकडे तर फारच थोडी पावले वळतात.

आपल्या विहारांतील धम्मवर्गांनी आणि विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. लेण्यांच्या सहली निघतातच. तेथे वंदना झाल्यानंतर मुलांना भिंतीवरील टाकीच्या रेषांवरून बोट फिरवू द्यावे, मात्र कोठेही खरडू वा फोडू देऊ नये. त्यांना महिकाचे नाव सांगावे, नंद कम्माराचे सांगावे, चुंदाची गोष्ट सांगावी. परिसरातील गावांत अजूनही फाळ, विळे, टाक्या शेवटून देणारे वृद्ध लोहार असतील तर त्यांच्याजवळ बसून पाणी देण्याची रीत, रंगांची ओळख, कामाचे शब्द लिहून घ्यावेत. डोंगरात मळीचे जड, काळे, सच्छिद्र ढेकूळ दिसले तर ते उचलून घरी न आणता त्याची जागा नोंदवावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. दोन हजार वर्षे जे कोणी लिहिले नाही, ते लिहिण्याचे शिक्षण बाबासाहेबांनी आपणांस मिळवून दिले आहे.

कुड्याच्या त्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने आपल्या नावापुढे आपला व्यवसाय कोरविला, कारण संघाच्या दारात तो व्यवसाय सांगण्यात लाज नव्हती. त्याच्या मालापैकी काही लोखंडाची टाकी होऊन कोठल्यातरी लेण्याच्या भिंतीवर झिजून गेली असेल. तिने कोरलेल्या कोठडीत बसून कोणा भिक्खूने चित्ताचे मल दूर करण्याचा अभ्यास केला असेल, सोनार सोन्याचे करतो तसा. धातू, धातुगर्भ आणि धम्म ही एकाच इतिहासाची अंगे आहेत. त्यांपैकी एकही वगळले तर आपल्या पूर्वजांचा इतिहास अपुरा राहील.